तीन दांडे आणि एक

तिस्कच्या हार्डवेअर दुकानात
दोन ब्रेकर बार शेजारी शेजारी टांगलेले.
एक बाराशेचा, एक साडेसहा हजारांचा.
दोन्ही चाळीस इंची, दोन्ही पाऊण इंची डोक्याचे,
दोन्ही सारखेच चकाकतात.
क्रोमला किंमत कळत नाही.

झिलूची दर्शिता,
फर्मागुडीहून आयटीआय करून आलेली,
पुढल्या महिन्यात स्वतःचं शटर उघडणार आहे.
विचारते, सगुणमामा,
टिप्परच्या कामाला हा स्वस्तातला चालेल ना?

मी तोंड उघडतो,
आणि उत्तराच्या जागी दांडे येतात.

पहिला. मी सतरा वर्षांचा,
मेस्त कुस्तोदच्या गॅरेजात,
भुवयांपर्यंत खाणीची तांबडी माती.
मागच्या चाकाचा नट हलेना.
दांड्याला पाईप लावला, पाईपवर उभा राहिलो,
मग उड्या मारल्या.
पिन तुटली. मडगार्डवर ओठ फाटला.
रक्त थुंकत मी दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या.
मेस्त आला. विडी विझवली. चाकाकडे बघून म्हणाला,
"हें दावें चाक न्हय रे?"
जुनी गाडी. डाव्या बाजूचे आटे उलटे.
पाऊण तास मी नट आवळत होतो.
दांड्याने बिचाऱ्याने
जीव देऊन सांगितलं.

दुसरा त्याच दुकानातला,
तीच किंमत, तोच पिवळा स्टिकर.
नऊ वर्षं चालला.
हब, अॅक्सल, एकदा आमोण्याच्या धक्क्यावर
गंजून एकजीव झालेला बार्जच्या विंचचा बोल्ट.
पाठीला जरा पोक आलं, एवढंच.
तो मोडला नाही, उसना गेला.
ज्याने नेला तो अजून मला बघून रस्ता ओलांडतो.

तिसराही तिथलाच.
चौथ्या दिवशी, सरळ आट्यावर,
पाईप नाही, उडी नाही, नुसता एक सकाळचा झटका,
आणि मान तुटली कोवळ्या काकडीसारखी.
आत राखाडी दाणे, जाड रव्यासारखे.
पुरसोचं मनगट गेलं. त्याचा सोळा दिवसांचा पगार गेला.
मी बरेच दिवस शोधत होतो
चूक कोणाची होती.

आणि एक मेस्ताचा.
तारवटी भावाने बोटीच्या इंजिनरूममधून आणलेला,
नाव झिजून गेलेलं.
मेस्त गेल्यावर इजाबेलबाईने
फडक्यात गुंडाळून माझ्या हाती दिला,
वर म्हणाली, तेल घालत जा.
त्याने मी एकदा अख्खा स्टड पिळून तोडला.
दांड्याला ओरखडा नाही.
संध्याकाळपर्यंत ड्रिल घेऊन बसलो होतो, दोन बिट खर्ची.
चांगला दांडा कुरकुरत नाही,
म्हणून कुठे थांबायचं तेही सांगत नाही.

हे सगळं तिला कसं सांगू,
दुकानदार ऐकत असताना?

म्हणतो, चालेल.
नेल्यावर आधी व्हाइसमध्ये धर,
अंगाचा सगळा भार टाकून ओढ,
तोंड बाजूला ठेव.
मोडायचाच असेल तर तुझ्या घरी, तुझ्या वेळेला मोडू दे.
टिकला तर कदाचित नऊ वर्षं.

"आणि वरचे पाच हजार तीनशे कशाचे?"

पोलाद थोडं त्यात आहे.
बाकीचे, दांड्याचा विचार न करता
नटाचा विचार करता येण्याचे.
शटरच्या पहिल्या महिन्यात
ते कोणाकडे असतात?

ती दोन्ही काढून घेते.
बिजागऱ्या हलवते, कानाशी नेऊन,
जसं कोणी नारळ पारखावा.
महागडा परत टांगते. जरा वेळ लावून टांगते.
मग माझ्याकडे वळून, अगदी सहज,
"तुम्ही पाईप किती लांब लावला होता?"

मी ओठावरची जुनी खूण चाचपतो
आणि एक फूट कमी सांगतो.